ओट्यावरचे निवाडे आणि सुलोचनाबाईंचा शिक्का

सुलोचनाबाई आगाशे वकील झाल्या त्या चिडून. इंदौरच्या छत्रीबागेतल्या त्यांच्या माहेरी आजोबांचं फार कौतुक. आजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते, पण घरात सांगताना सगळे "दरबारात होते" एवढंच म्हणत आणि कारकून हा शब्द गिळून टाकत. अशा घरात मुलीने काय शिकावं यावर चर्चा झाली तेव्हा काकांनी मत दिलं, "भांडायची हौस आहे तर लग्नानंतर भांडेल." सुलोचनाबाईंनी दुसऱ्याच दिवशी लॉ कॉलेजचा फॉर्म आणला.

लग्न झालं ते श्रीपाद आगाशे नावाच्या सज्जन गृहस्थाशी. तो सिंचन विभागात धरणांच्या फायली सांभाळायचा आणि घरी आल्यावर नळाचं पाणी भरायचा. बायकोच्या वकिलीला त्याची हरकत नव्हती. हरकत असती तरी ती ऐकून कोण घेणार होतं?

कोर्टात मात्र गाडी अडली. पक्षकार यायचे, टेबलाशी उभे राहायचे आणि विचारायचे, "वकील साहेब कब आएंगे?"

"आ गए. बैठिए," असं सुलोचनाबाईंनी म्हटलं की माणसाला एकदम काहीतरी काम आठवायचं. शेवटी त्यांच्या वाट्याला प्रतिज्ञापत्रं उरली. कुणाचं रेशन कार्ड हरवलेलं, कुणाच्या मुलाचं शाळेत भलतंच नाव लागलेलं. अशी कित्येक वर्षं काढल्यावर त्यांनी नोटरीसाठी अर्ज केला, आणि सरकारला कोणती अवदसा आठवली कोण जाणे, तो मंजूर झाला. गोल शिक्का मिळाला, जाड रजिस्टर मिळालं.

नोटरीचं काम सोपं, असं आवारातल्या सगळ्यांचंच मत. समोर कागद आला की शिक्का ठोकायचा. सुलोचनाबाई मात्र कागद पहिल्या ओळीपासून वाचायच्या, मग चष्म्यावरून समोरच्याकडे बघून विचारायच्या, "काय लिहिलंय ते समजलं? खुशीने करताय?" त्यामुळे घाईतली माणसं त्यांचं टेबल टाळून पुढे जायची. शेजारी बसणाऱ्या एका बुजुर्ग नोटरीने त्यांना आपुलकीने समजावलं होतं, "मॅडम, अपने को पढ़ना नहीं है, ठोकना है."

"तुमच्या शिक्क्याचं रबर झिजेल, माझं नाही," त्या म्हणाल्या. तेवढ्यावर त्या शेजाऱ्याने त्यांना चहा विचारणं सोडलं.

तर अशा या बाईंच्या टेबलाशी एके दिवशी पांडुरंग खेडकर येऊन उभा राहिला. पांडुरंगची मिल बंद पडल्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

पांडुरंग म्हणजे कोण ते आधी सांगायला हवं. शहरातल्या कापडाच्या मिला एकामागून एक बंद पडत होत्या, त्यातल्याच एकीत तो जॉबर होता, म्हणजे साच्यांवर, कापड विणायच्या यंत्रांवर, काम करणाऱ्यांचा मुकादम. मिलच्या मागच्या वस्तीत गणपतीच्या देवळापुढे एक ओटा होता, आणि दर रविवारी त्या ओट्यावर पांडुरंग चार म्हाताऱ्यांना घेऊन बसायचा. नळावरची भांडणं, भिंतीवरून वाद, सासू-सुनांचे तह, सगळं तिथे निकाली निघायचं. पांडुरंगला वाटायचं, आपण न्यायी आहोत म्हणून लोक ऐकतात. लोक ऐकायचे, कारण नाही ऐकलं तर सोमवारी तुम्हाला असा साचा मिळायचा की ज्याचा धागा दर घटकेला तुटतो. गणपती पाठीशी होता ही गोष्ट निराळी, पण खरी ताकद साच्यांची.

मिलचा भोंगा थांबला आणि ती ताकद गेली. पांडुरंगला हे कळलं बाळकृष्णच्या भट्टीमुळे.

बाळकृष्ण मिलमधला विणकर. हातात काम नाही म्हटल्यावर त्याने घराच्या दारातच शेवेची भट्टी लावली. इंदौरात माणूस जगायला काहीही विकू शकतो, पण शेव विकली तर उपाशी मरत नाही, हा त्याचा हिशोब बरोबर होता. चुकलं एवढंच की तिखट शेवेचा घाणा पडला की अख्खी गल्ली खोकायची. समोरच्या घरातली दम्याची म्हातारी तर दारात बसून बाळकृष्णच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, मध्ये खोकायची, आणि पुन्हा जिथे सोडलं तिथून धरायची.

ओट्यावर निवाडा झाला. भट्टी मागच्या अंगणात न्यायची, वर चिमणी लावायची. बाळकृष्णने सगळ्यांसमोर हो म्हटलं, गणपतीला हात जोडले. सोमवारी सकाळी भट्टी दारातच पेटली.

पांडुरंग तरातरा गेला. "काय रे, काल हो बोलला होतास ना?"

"बोललो होतो ना दादा. कल की बात कल," बाळकृष्ण झाऱ्याने शेव उलटत म्हणाला. "साचे बंद झाले, आता तुमचं बोलणंही बंद करा. शेव घेऊन जाता का? गरम आहे."

पांडुरंगने शेव घेतली नाही. तीन रात्री त्याला झोप लागली नाही, आणि मग कुणीतरी त्याला सांगितलं की कोर्टात एक मराठी बाई आहे, तिच्याजवळ सरकारी शिक्का आहे.

"बाई, आमच्या निवाड्यावर तुमचा शिक्का मारून द्या," तो म्हणाला आणि वहीचा एक कागद पुढे केला.

सुलोचनाबाईंनी वाचलं. सुंदर अक्षरात लिहिलं होतं : दोन्ही पक्षांनी भाईचाऱ्याने राहावे, एकमेकांस त्रास देऊ नये आणि देवाचे स्मरण ठेवावे.

"हे काय आहे?"

"निवाडा."

"हा तर गणपतीत लावायचा फलक झाला. भाईचारा किती फूट उंच असतो हो?"

पांडुरंगने कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"चिमणी किती फूट उंच पाहिजे ते लिहा. भट्टी कुठे जाणार, कधीपर्यंत जाणार, नाही गेली तर काय, ते लिहा. उद्या हा माणूस पलटला आणि तुम्ही कोर्टात गेलात, तर जज काय त्याला देवाचं स्मरण करायला लावेल?"

"पण शिक्का मारला की तो पलटणार कसा? सरकारी शिक्का आहे ना?"

सुलोचनाबाईंनी शिक्का उचलून त्याच्या हातात दिला. "बघा. रबर आहे. यात जादू काही नाही. तुमचा निवाडा चांगला की वाईट, हे मी सांगत नाही. मी एवढंच सांगते की ही माणसं माझ्यासमोर आली, ती तीच आहेत, त्यांनी वाचलं, समजून सही केली. उद्या कुणाला म्हणता येणार नाही की सही माझी नाही, मला माहीतच नव्हतं. त्यामुळे कोर्टात तुमचा कागद उभा राहतो. पण आधी कागदात उभं राहण्यासारखं काही पाहिजे."

पांडुरंगला यातलं अर्धं समजलं आणि सगळं लागलं. पण तो परत गेला नाही. बाकावर बसून त्याने स्टॅम्प पेपरवर नवा मजकूर लिहून घेतला. भट्टी पंधरा दिवसांत मागच्या अंगणात. चिमणी छपराच्या वर. आणि भट्टी पुन्हा दारात दिसली तर समोरच्या म्हातारीला ती कोर्टातून बंद करवून घेण्याचा हक्क राहील, बाळकृष्णची त्याला हरकत नसेल.

रविवारी सुलोचनाबाई वस्तीत गेल्या. श्रीपादने स्कूटरवरून सोडलं आणि तिथेच थांबला, कारण शेवेचा वास येत होता. ओट्यावर बाईंनी कागद मोठ्याने वाचला. मग त्यांनी एक नवीनच काम केलं. बाळकृष्णला बाजूला, चिंचेखाली नेलं आणि विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे? कुणी दम दिलाय का?"

बाळकृष्णला असा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. तो गोंधळला. मग म्हणाला, "मान्य आहे, पण चिमणीचा पत्रा मिळेपर्यंत टाइम द्या ना. आणि दिवाळीच्या आधी माल जास्त काढावा लागतो, तेव्हा चार दिवस म्हातारीने ओरडायचं नाही."

"हे ओट्यावर का नाही बोललात?"

"तिथे कुणी विचारलं का? तिथे तर दादा बोलतात, आपण हात जोडतो."

मुदत वाढली, दिवाळीची सवलत लिहिली गेली. दिवाळीत नातीकडे सांवेरला जाऊन राहते, असं म्हातारीने स्वतःहून सुचवलं. सह्या झाल्या, अंगठा झाला, शिक्का बसला. आणि आश्चर्य म्हणजे, मुदत संपायच्या आत भट्टी हलली. पांडुरंग सगळीकडे सांगत सुटला की शिक्क्याचा धाक बसला. सुलोचनाबाई म्हणायच्या की त्याला आपली अडचण सांगायला मिळाली म्हणून हलली. कोण खरं हे ठरवायची गरज पडली नाही, दोघंही आपापल्या जागी खूश होते.

त्यानंतर ओट्याला पुन्हा बरकत आली. सुलोचनाबाई महिन्यातून एका रविवारी जायच्या. कुणाच्या कूलरचं पाणी कुणाच्या गादीवर पडायचं, कुणाच्या बकरीने कुणाचं लग्नाचं जाकीट खाल्लं होतं, कुणी टीव्हीचा अँटेना शेजाऱ्याच्या छपरावर उभा करून वर त्यालाच क्रिकेट बघू देत नव्हतं. सगळ्याचे कागद व्हायला लागले. पांडुरंगची मान पुन्हा ताठ झाली. तो नव्या लोकांना सांगायचा, "आपल्याकडे कच्चं काम नाही भिया. नोटरी होऊन मिळतं."

मग सुनंदाचं प्रकरण आलं.

सुनंदाचा नवरा मिल बंद झाल्यावर सुरतला गेला. आधी मनीऑर्डर यायची, मग पत्रं, मग नुसत्या बातम्या, आणि शेवटची बातमी अशी की त्याने तिथे दुसरा संसार मांडलाय. सुनंदा खोलीत एकटी राहायची आणि लोकांचे ब्लाउज शिवायची. खोली रस्त्याला लागून होती आणि सरकारी पट्टा, म्हणजे जागेचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावाचा होता. तिचा दीर शाम मागच्या खोलीत राहायचा. गावात तेव्हा कोपऱ्या-कोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ उगवत होते, आणि शामला रस्त्याकडेची ती खोली पीसीओसाठी हवी होती.

ओट्याने निवाडा केला : सुनंदा खुशीने खोली दिराला देईल आणि माहेरी जाऊन राहील. बाईमाणूस एकटी राहते हे बरं दिसत नाही, असंही एक म्हातारा म्हणाला. तो स्वतः वस्तीत एकटाच राहायचा.

सुलोचनाबाई सुनंदाला चिंचेखाली घेऊन गेल्या. "खुशीने सोडतेस का खोली?"

सुनंदा पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "माहेरी भाऊ आहेत, त्यांच्या बायका आहेत. मशीन ठेवायला जागा देणार नाहीत. पण इथे सगळे बोलले तर मी काय बोलू?"

"एवढंच बोल. नाही."

"नाही," सुनंदा हळूच म्हणाली.

सुलोचनाबाई ओट्यावर परत आल्या आणि त्यांनी शिक्का पर्समध्ये टाकला. "हा कागद होणार नाही. एक तर ती खूश नाही. दुसरं म्हणजे, खोलीतला हक्क असा माझ्या शिक्क्याने सुटत नाही, त्याला रजिस्ट्री लागते."

पांडुरंगचा चेहरा लाल झाला. सगळ्या वस्तीदेखत. "बाई, निवाडा आम्ही करतो. तुम्ही फक्त शिक्का मारायचा. डोकं कायको चालवता?"

"डोकं चालवायचं नसेल तर पोस्टात जा. तिथे मारतात तसा," असं म्हणून त्या निघाल्या. पुढचे कित्येक रविवार त्या वस्तीत गेल्या नाहीत. श्रीपादलाच जास्त वाईट वाटलं. बाळकृष्णच्या शेवेची त्याला सवय झाली होती, आणि ॲसिडिटीचीही.

पण कोर्टाच्या आवारात न वाचता ठोकणाऱ्यांची काय कमी? शामने एका टेबलावरून खोली सोडल्याचा कागद करून घेतला. सुनंदाला सांगितलं की रेशन कार्डात नाव वेगळं करायचंय, इथे सही कर. तिने चुलीपाशी बसून सही केली. कागदावर साक्षीदार म्हणून पांडुरंगने सही केली, संध्याकाळी, ओट्यावर, कागद न उलगडता. शिक्का तर आधीच बसलेला होता. सुनंदा त्या नोटरीसमोर कधी गेलीच नव्हती.

शामने तो कागद दाखवून खोली मागितली. सुनंदाने दाराला आतून कडी लावली आणि शिवणाचं मशीन चालू ठेवलं. शाम बाहेर ओरडायचा, ती आतून मशीनचा पायटा जोरात मारायची. शेवटी तो कोर्टात गेला. पांडुरंगनेच शिकवलेलं ना, की शिक्क्याचा कागद कोर्टात उभा राहतो.

सुनंदाने वकीलपत्र दिलं सुलोचनाबाईंना. वकील साहेब कधी येणार असं तिने विचारलं नाही.

तारखा पडत राहिल्या. तोवर वस्तीत केबल आली, मिलच्या फाटकावर वड उगवला. मग एकदाचा साक्षीचा दिवस आला. पांडुरंग धुतलेला सदरा घालून पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेताना त्याचा आवाज ओट्यावरच्यासारखा खणखणीत होता.

सुलोचनाबाई उलटतपासणीला उठल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना महत्त्वाच्या साक्षीदाराला प्रश्न विचारायला मिळत होता, आणि तो साक्षीदार त्यांचाच चेला निघाला होता.

"खेडकर, या कागदावर साक्षीदार म्हणून सही तुमची?"

"माझी."

"सुनंदाबाईंनी सही केली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

पांडुरंगने शामकडे बघितलं. शामने मान हलवून काहीतरी खुणावलं. मग त्याने सुनंदाकडे बघितलं. ती मागच्या बाकावर बसली होती आणि त्याच्याकडे बघतही नव्हती, खाली मान घालून कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती. कोर्टात बसूनही तिचं काम चालूच होतं.

"मी तिथे नव्हतो," पांडुरंग म्हणाला.

शामचा वकील उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

"कागद तिला वाचून दाखवला?"

"मी पण वाचला नाही बाई. ओट्यावर ठरलं होतं म्हणून ठोकून दिली सही." मग तो जजकडे वळून, कुणी विचारलं नसताना, म्हणाला, "साहेब, आम्ही विचारलंच नाही तिला. विचारायला पाहिजे होतं. या बाईंनी विचारलं होतं, तर आम्ही त्यांना हाकलून दिलं."

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. दुपारची वेळ होती, पंखा बंद होता, आणि एवढं खरं बोलणारा माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा. ज्याच्या जिवावर दावा उभा होता तो कागदच आडवा झाला होता. ते शामच्या वकिलाला म्हणाले, "वकीलसाहब, मिल-बैठके देख लीजिए, नहीं तो मुझे लिखना पड़ेगा. नोटरी के बारे में भी."

आणि मग तेच भांडण पुन्हा ओट्यावर आलं. फरक एवढाच की या वेळी पांडुरंग स्वतः सुनंदासमोर जाऊन उभा राहिला. "तू सांग. काय द्यायला तयार आहेस? काहीच द्यायचं नसेल तर तसं बोल."

सुनंदाने विचार केलेला होता. इतके महिने पायटा मारताना दुसरं करणार तरी काय? खोली तिची राहील. रस्त्याकडेचा ओटला, दारापुढची ती अरुंद जागा, शामने पीसीओसाठी वापरावी. विजेचं मीटर त्याने स्वतःचं घ्यावं. फोन करायला आलेल्या माणसांनी तिच्या दारात थुंकायचं नाही. आणि शामच्या बूथवर एक पाटी लागेल : इथे ब्लाउज शिवून मिळतील.

शाम पाटीवर अडला. "पीसीओवर ब्लाउजची पाटी? लोक हसतील ना यार."

"हसू दे. फोन करताना तरी कोण रडतं," सुनंदा म्हणाली. हे वाक्य ऐकून म्हातारे इतके हसले की शामने सही करून टाकली.

हा कागद सुलोचनाबाईंनी कोर्टात दाखल केला. जजने दोघांना उभं करून विचारलं, मान्य आहे का, आणि त्याप्रमाणे हुकूम केला. बाहेर आल्यावर सुलोचनाबाईंनी पांडुरंगला समजावलं, "आता हा नुसता करार नाही, कोर्टाचा हुकूम आहे. शामने मोडला तर सुनंदाला नव्याने दावा लावायला नको. सरळ अंमलबजावणी मागायची."

"म्हणजे शिक्क्यापेक्षा मोठं?"

"शिक्क्यापेक्षा पुष्कळ मोठं. पण तेही तिने हो म्हटलं म्हणून."

शामचा पीसीओ चालला, तोटाही झाला, पुढे मोबाइल आले तेव्हा बंद पडला. ब्लाउजची पाटी मात्र लागली ती लागली. सुनंदाने मग आणखी दोन मशीनं घेतली. सुरतेहून नवरा एकदा आला होता म्हणतात. दारात उभा राहून पाटी वाचली आणि माप न देताच परत गेला.

कोर्टात पडल्यानंतर आपल्याला आता कोण विचारणार, असं पांडुरंगला वाटत होतं. झालं उलटंच. हा माणूस स्वतःविरुद्ध बोलू शकतो, ही बातमी आजूबाजूच्या वस्त्यांत पसरली आणि लोक लांबून यायला लागले. शहराचे काही पुढारीही बघायला आले, हार घालून फोटो काढून गेले. त्यातल्या एकाने भाषणात ओट्याचं श्रेय आपल्या पक्षाला दिलं. पांडुरंगने टाळ्या वाजवल्या, कारण समोसे त्यांनी आणले होते.

सुलोचनाबाईंकडेही कामं वाढली. आता पक्षकार येऊन समोरच्या खुर्चीवर आपणहून बसायचे. श्रीपाद रिटायर झाला आणि आगाशे मंडळींनी सुदामा नगरमध्ये घर बांधलं. तिथे पहिल्याच पावसाळ्यात शेजाऱ्यांशी वाजलं. शेजारी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं म्हणणं, आगाशेंच्या गच्चीवरचं सगळं पाणी पाइपातून आमच्या अंगणात पडतं आणि आमची तुळस कुजते. सुलोचनाबाईंनी त्यांना कायद्याची तीन कलमं ऐकवली. मुख्याध्यापकांनी त्यांना शिस्तीवर प्रवचन दिलं. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

शेवटी श्रीपाद गुपचूप जाऊन पांडुरंगला घेऊन आला. पांडुरंग आता पांढराशुभ्र झाला होता, पण गच्चीवर शिडीने चढला. पाइप बघितला, उतार बघितला, खाली येऊन तुळस बघितली. दोन्ही घरी वेगवेगळा बसला, दोन्हीकडे चहा प्यायला.

"बाई, पाइप तुमचा चुकलाय. पाणी तुमच्याच हद्दीत उतरवा," तो म्हणाला.

"पण नकाशात तर..."

"नकाशा राहू द्या. मी चढून बघितलं."

सुलोचनाबाई श्रीपादकडे वळल्या. श्रीपाद एकाएकी वर्तमानपत्र फार बारकाईने वाचायला लागला. आयुष्यभर धरणांच्या फायली हाताळलेल्या माणसाला पाणी कुठे जातं हे बांधतानाच दिसलं होतं, फक्त बोलायची हिंमत नव्हती.

कागद झाला. पक्षकार स्वतःच म्हटल्यावर सुलोचनाबाईंना त्यावर शिक्का मारता येईना, म्हणून दुसरी नोटरी बोलवावी लागली, नुकतीच सनद मिळालेली एक तरुण मुलगी. तिने सगळा कागद सावकाश वाचला. सुलोचनाबाईंनी तिच्या हातातून तो ओढून घेतला, 'पन्हाळ'चं शुद्धलेखन दुरुस्त करून 'पन्हळ' केलं आणि फुरंगटून सही केली. पांडुरंगशी त्या पुढे काही दिवस बोलल्या नाहीत. पाइप मात्र त्याच आठवड्यात वळवला, आणि कामगार भिंतीला भोक पाडत होते तोवर स्वतः छत्री घेऊन त्यांच्या डोक्यावर उभ्या राहिल्या.